2025मधले माझे आवडते पिक्चर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी उजाडला की भांडुप ते दादर या अर्ध्या तासाच्या प्रवासात मला ठरलेले प्रश्न येतात. लेडीज डब्यातल्या मैत्रिणी विचारतात, पतपेढीत शेजारच्या टेबलावरच्या मॅडम विचारतात, लग्नकार्यात भेटलेली भाचरं विचारतात. सगळ्यांना वेगवेगळं सांगण्यापेक्षा सगळी उत्तरं एकदाच नीट लिहून काढली आहेत. मी समीक्षक नाही. दिवसभर हिशेब बघते आणि शनिवार-रविवार पिक्चर बघते.

आधी नावं सांगा. यादीत कोण कोण आहे?

'साबर बोंडं', 'आता थांबायचं नाय!', 'होमबाउंड', 'स्थळ', 'दशावतार', 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव', तमिळमधला 'टुरिस्ट फॅमिली', 'एप्रिल मे 99' आणि इंग्रजीतला 'सिनर्स'. नऊ झाले. दहाचा आकडा गाठायचा म्हणून ओढूनताणून दहावा घातलेला नाही. 'साबर बोंडं' पहिला, बाकीच्यांना क्रमांक नाहीत.

तुम्ही निवडता कशा?

माझ्याकडे एक वही आहे. पूर्वी तिच्यात तिकिटाचा अर्धा तुकडा चिकटवायचे. आता तिकीट मोबाइलवर येतं, म्हणून तारीख, थिएटर आणि सीट नंबर हाताने लिहिते. खाली दोन-चार ओळी. वर्षअखेरीला वही उघडायची आणि नाव वाचल्यावर त्यातलं एखादं माणूस लगेच डोळ्यांसमोर उभं राहतं का, ते बघायचं. कथा आठवली तर पुरेसं नाही, माणूस आठवायला हवं. त्याचं चालणं, त्याच्या हातातली पिशवी, बोलताना कुठे अडतो ते. 2025 साली मी थिएटरात 61 पिक्चर बघितले. त्यातल्या चाळीसेक नावांपुढे मला माझ्याच चार ओळी वाचल्याशिवाय काही आठवलं नाही. यादी त्यामुळे आपोआप आखडते.

'साबर बोंडं' पहिला का? एवढं काय आहे त्यात?

रोहन परशुराम कानवडे यांचा हा पहिला मोठा चित्रपट. जानेवारी 2025मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात त्याला परदेशी कथापटांच्या विभागातलं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळालं. त्या महोत्सवात निवडला गेलेला तो पहिला मराठी चित्रपट. आपल्याकडे 19 सप्टेंबरला लागला. पण बक्षिसामुळे तो वर गेलेला नाही.

मुंबईत राहणारा तिशीतला आनंद. वडील गेलेत. गावी दहा दिवस सुतक पाळायचंय. पायात चप्पल नाही, निजायचं जमिनीवर, आणि नातेवाईक येता-जाता एकच विषय काढतायत : लग्न कधी करणार? आनंदला मुलगे आवडतात, हे त्याच्या आईला ठाऊक आहे. गावातला लहानपणचा मित्र बाळ्या भेटतो, आणि त्या दहा दिवसांत दोघांत जे काही हळूहळू उमलतं, तो हा पिक्चर. पार्श्वसंगीत नाहीच. पाखरं, भांडी, वारा, माणसांचं बोलणं, बस्स. सुरुवातीला शांतता अंगावर येते, मग कान आपोआप उघडतात. भूषण मनोज आणि सूरज सुमन हे दोघं अभिनय करतायत असं मला एकदाही वाटलं नाही.

साबर बोंडं म्हणजे निवडुंगाची लाल फळं. वरचे बारीक काटे काढल्याशिवाय तोंडात घालता येत नाहीत. तो काटे काढून देणारा हात कुणाचा, यावर सगळा चित्रपट उभा आहे. स्वतःचे वडील गेल्यावर दिग्दर्शकाने गावी काढलेल्या दिवसांतून ही गोष्ट आली आहे, आणि ते जाणवतं. अशा घरात चहाचे कप कसे फिरतात, कोण कुठे टेकून बसतं, रडणं कधी थांबतं आणि हिशेबाची बोलणी कधी सुरू होतात, हे ऐकीव माहितीवर दाखवता येत नाही.

तो घरच्यांबरोबर बघता येईल का?

मी आईबरोबर बघितला. आई 76 वर्षांची आहे. दोन मुलगे एकमेकांवर प्रेम करतात एवढंच मी तिला आधी सांगितलं होतं. ती म्हणाली, "बरं, मग?" थिएटरात ती सुतकाच्या बारीकसारीक गोष्टी तपासत होती. दहाव्याच्या वेळी तर मान डोलावली. परतीच्या गाडीत ती कांजूरमार्ग येईपर्यंत गप्प होती. मग म्हणाली, "त्याच्या आईसारखी आई सगळ्यांना मिळत नाही गं." जयश्री जगतापांनी केलेल्या त्या आईबद्दल याहून चांगलं मला लिहिता येणार नाही.

तेव्हा बघा, घरच्यांना घेऊन बघा. निदान आईला तरी न्याच.

'आता थांबायचं नाय!' बघून तुम्ही खुर्चीतून उठलाच नाहीत म्हणे?

खरं आहे. नावं संपली, दिवे लागले, झाडूवाले आत आले, तरी मी बसून होते.

मुंबई महापालिकेतले चतुर्थ श्रेणीचे कामगार रात्रशाळेत जाऊन दहावीची परीक्षा देतात, अशी ही गोष्ट, खऱ्या घटनेवरची. 1 मे 2025ला लागला. शिवराज वायचळ यांचा दिग्दर्शक म्हणून पहिलाच चित्रपट. भरत जाधव, सिद्धार्थ जाधव, शिकवणारे सर झालेले ओम भूतकर आणि कामगारांनी शिकावं म्हणून त्यांच्या मागे लागलेला अधिकारी झालेले आशुतोष गोवारीकर.

आता माझं सांगते. माझे बाबा लालबागच्या एका गिरणीत साचा खात्यात, म्हणजे मागांवर, होते. 18 जानेवारी 1982ला संप सुरू झाला, आणि ज्यांना परत कामावर जायलाच मिळालं नाही अशांपैकी ते एक. पुढे त्यांनी वॉचमनची नोकरी धरली. तिथे कुणीतरी सांगितलं की दहावी असती तर आत ऑफिसात घेतलं असतं. बाबा सातवीनंतर शाळेत गेले नव्हते. वयाच्या अडतिसाव्या वर्षी त्यांनी परळच्या एका रात्रशाळेत नाव घातलं. आमची खोली दहा बाय बाराची, माणसं सहा. म्हणून ते चाळीच्या जिन्यातल्या दिव्याखाली पायरीवर बसून अभ्यास करायचे. मी चौथीत होते. इंग्रजीची स्पेलिंगं ते मला म्हणून दाखवायचे आणि मी पुस्तकात बघून बरोबर-चूक सांगायचे. 'नेसेसरी'त किती सी आणि किती एस, यावर आमचे दोन दिवस गेले होते.

त्यांना 47 टक्के पडले. ती मार्कलिस्ट अजून लोखंडी ट्रंकेत आहे, प्लास्टिकच्या पिशवीत, तिच्यावर कापूर.

या पिक्चरमध्ये पोक्त वयाची माणसं शाळेच्या बाकांवर कशी अवघडून बसतात ते दिसलं, आणि बाबा मला वर्गात कधी दिसलेच नव्हते हे लक्षात आलं. मी फक्त जिन्यातले बाबा बघितले होते. त्यांच्या वर्गातलं बसणं मला या पिक्चरने दाखवलं. ते 2011 साली गेले.

पिक्चर म्हणून त्यात उणिवा आहेत. उत्तरार्धात काही प्रसंग टाळ्यांसाठी लांबवलेत, संगीत जिथे गप्प राहायला हवं तिथे राहत नाही. पण सफाई कामगाराचं काम तो झटकन दाखवून पुढे जात नाही. गटारात उतरणारा माणूस घरी येऊन जेवायला बसतो तेव्हा त्याच्या मनात काय चालतं, याला तो वेळ देतो. भरत जाधव यांना आपण वर्षानुवर्षं विनोदासाठी ओळखतो. इथे त्यांनी आवाज खाली ठेवला आहे, आणि तो खालचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचतो.

'होमबाउंड' फार दुःखी आहे असं ऐकलंय. बघावा का?

दुःखी आहेच. तरी बघावा.

नीरज घायवान यांचा 'मसान' 2015 साली आला, त्यानंतर मोठ्या पडद्यावरचा पूर्ण लांबीचा चित्रपट द्यायला त्यांनी दहा वर्षं घेतली. 'होमबाउंड' मे महिन्यात फ्रान्समधल्या कान महोत्सवात दाखवला गेला, 26 सप्टेंबरला आपल्याकडे लागला आणि भारताने तोच ऑस्करसाठी पाठवला. पत्रकार बशारत पीर यांच्या 2020च्या एका लेखावर तो आधारलेला आहे. उत्तर भारतातल्या खेड्यातले दोन मित्र, एक मुसलमान, एक दलित. दोघांना पोलिसात भरती व्हायचंय, कारण वर्दी अंगावर आली की कुणी नावावरून आडनाव विचारणार नाही. ईशान खट्टर आणि विशाल जेठवा. विशालचा चंदन अर्जात राखीव वर्गाऐवजी खुल्या वर्गावर खूण करतो. फॉर्म भरताना हाताला आलेला तो संकोच मी पतपेढीच्या काउंटरवर कितीतरी वेळा बघितलाय. लोक एका रकान्यापाशी येऊन थांबतात, वर बघतात, मग हळू आवाजात विचारतात, "हे भरायलाच पाहिजे का?"

मग सुरतेची गिरणी, आणि मग 2020चं लॉकडाउन.

एप्रिल-मे 2020मध्ये भांडुपहून पूर्व द्रुतगती महामार्गावर जाऊन आमच्या सोसायटीने चपात्या आणि पाणी वाटलं होतं. ठाणे, कसारा, नाशिक करत पुढे चालत जाणारी माणसं. एका बाईने चपात्या घेतल्या आणि आधी पिशवीत ठेवल्या, मुलाला एकच दिली. पुढे किती दिवस चालायचंय याचा हिशेब ती करत होती. 'होमबाउंड' बघताना मला तीच पिशवी दिसत होती. आपण मुंबईकरांनी ती माणसं पाठमोरी बघितली. हा चित्रपट त्यांच्या पुढून चालतो.

'स्थळ' कधी आला आणि कधी गेला? आम्हाला दिसलाच नाही.

7 मार्चला आला. मलाही पहिल्या फटक्यात दिसला नाही. उपनगरातल्या एका मल्टिप्लेक्सचं सकाळी सव्वाअकराचं तिकीट काढून गेले, तर दारावरच्या मुलाने सांगितलं की तीनच तिकिटं गेलीत, शो रद्द, पैसे खात्यात परत येतील. आम्ही तिघंही तिथेच उभे. एक आजोबा कल्याणहून आले होते. ते त्या मुलाला म्हणाले, "बाळा, तीन माणसं आहेत ना, तिघांना दाखव." त्याच्या हातात काहीच नव्हतं, तोही ओशाळला होता. पुढच्या रविवारी मी दुसरीकडे जाऊन बघितला.

जयंत सोमलकर यांनी हा चित्रपट चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात, बहुतेक गावातल्याच माणसांना घेऊन केला. टोरंटोच्या महोत्सवात 2023 साली त्याला पारितोषिक मिळालं होतं. नंदिनी चिकटे हिने केलेली सविता शिकतेय, तिला स्पर्धा परीक्षा द्यायचीय. बाप कापूस पिकवतो, भाव मिळत नाही, आणि दर थोड्या दिवसांनी 'बघायला' माणसं येतात. पाट मांडला जातो. नाव काय, उंची किती, शिक्षण किती, आवड कशाची. तेच प्रश्न, तीच ओट्यावरची पोह्यांची लगबग. सुरुवातीलाच दिग्दर्शकाने तो सोहळा उलटा करून दाखवलाय : मुलगा पाटावर बसलाय आणि बायका त्याला प्रश्न विचारतायत. थिएटर हसलं. नंतर तोच कार्यक्रम सुलटा आला तेव्हा कुणी हसलं नाही.

मला एकूण अकरा जणं बघून गेले होते. पाटाच्या बाजूची फरशी कशी होती हे मला आजही सांगता येईल, कारण मान वर करायची नसते. सविताची मान ज्या कोनात झुकते, तो कोन बरोबर आहे.

चांगला मराठी पिक्चर आठवड्यात उतरतो, असं का होतं?

मल्टिप्लेक्सवाले दर आठवड्याला नव्याने शो वाटतात. शुक्रवार ते रविवार किती खुर्च्या भरल्या, त्यावर पुढच्या शुक्रवारी पडदा राहणार की जाणार हे ठरतं. मोठा हिंदी पिक्चर समोर असला की मराठीला सकाळी अकरा किंवा दुपारी तीन अशा वेळा येतात. नोकरी करणारा माणूस मंगळवारी दुपारी तीनला कुठून जाणार? मग खुर्च्या रिकाम्या, मग शो कमी, मग पिक्चर गेला. आणि आपण म्हणतो, "अरे, बघायचा राहिला."

यात आपल्या निर्मात्यांचाही दोष आहे. 12 सप्टेंबरला 'दशावतार', 'आरपार' आणि 'बिन लग्नाची गोष्ट' हे तीन मराठी चित्रपट एकाच शुक्रवारी लागले. प्रेक्षक तोच, खिसा तोच. पुढच्या शुक्रवारी 'साबर बोंडं', त्याच्या पुढच्या शुक्रवारी 'होमबाउंड'. पितृपक्ष संपून नवरात्र बसत होती, आणि मी घर, ऑफिस, थिएटर अशी पळत होते. त्या तीन आठवड्यांत पाहिलेल्यापैकी तीन या यादीत आहेत.

माझी सगळ्यांना एकच विनंती असते : मराठी पिक्चर बघायचा असेल तर पहिल्या शनिवार-रविवारी बघा. दुसऱ्या आठवड्यावर ठेवू नका.

'दशावतार' तुम्हाला खरंच आवडला, की तुम्ही कोकणातल्या म्हणून?

दोन्ही. आईचं माहेर सिंधुदुर्गातलं. तिला मी दादरच्या प्लाझाला घेऊन गेले. त्यातला म्हातारा दशावतारी नट बाबुली मेस्त्री पहिल्यांदा तोंडाला रंग लावायला बसतो तेव्हा तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "आमच्या गावात असोच दहीकालो व्हायचो." दहीकाला म्हणजे तिकडचा दशावतारी नाटकाचा खेळ.

पिक्चर लागला तेव्हा दिलीप प्रभावळकर 81 वर्षांचे होते. चिमणराव, 'चौकट राजा', 'हसवाफसवी', मुन्नाभाईतले गांधीजी, एवढं सगळं करून झाल्यावर या वयात हा माणूस दशावतारी पोशाख अंगावर चढवून, जंगलात, पाण्यात, रात्रीच्या चित्रीकरणात उभा राहतो. बाबुलीची नजर अधू झालीय, मुलगा म्हणतो आता पुरे, आणि तो रंग सोडू शकत नाही. पूर्वार्ध मला अतिशय आवडला. सुबोध खानोलकरांनी कोकण चित्रासारखं नुसतं सुंदर ठेवलेलं नाही, तिथल्या जमिनीवर, खाणींवर कुणाचा डोळा आहे ते सांगितलंय. उत्तरार्ध सूडकथेकडे वळतो आणि तिथे माझा थोडा विरस झाला. संगणकावर केलेली काही दृश्यंही कच्ची वाटली. पण बाबुली आरशात बघून डोळ्यांत काजळ घालतो, ती त्याची बोटं बघायला मी पुन्हा तिकीट काढीन.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात?

'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' 28 फेब्रुवारीला आला आणि लोकांनी त्याच्याकडे पाठ फिरवली, याचं मला अजून वाईट वाटतं. यंत्रमागांच्या गावात हौसेपोटी स्वतःचे सिनेमे बनवणारी पोरं, नासिर शेख आणि त्यांचे दोस्त, ही खरी गोष्ट. रीमा कागती यांचं दिग्दर्शन, वरुण ग्रोव्हर यांचं लेखन. त्यातला लेखक फरोग मुंबईत येऊन दारोदार फिरतो, तो भाग आपल्या शहराने बघायला हवा. विनीत कुमार सिंग यांचं हे काम मला त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या कामांपेक्षा मोठं वाटतं.

'टुरिस्ट फॅमिली'मध्ये श्रीलंकेतलं तमिळ कुटुंब लपूनछपून चेन्नईत येतं आणि एका कॉलनीत भाड्याने राहतं. हळूहळू ती सगळी कॉलनीच बदलते. आमच्या चाळीत नवं बिऱ्हाड आलं की पहिल्या दिवशी त्यांच्याकडे पाण्याची कळशी आणि कोरा चहा जायचा. तशा शेजाराची ज्याला आठवण येते त्याने बघावा.

'एप्रिल मे 99' हा रोहन मापुस्कर यांचा, कोकणातल्या सुट्टीचा. लहान मुलांना कुठला दाखवू असं विचारणाऱ्यांना मी हाच सांगते. प्रमाणपत्रावर आता यूए 7+, 13+, 16+ असे वेगवेगळे वयोगट येतात, ते तिकीट काढताना जरूर बघा.

'सिनर्स'सारखा भुताखेतांचा इंग्रजी पिक्चर तुमच्या यादीत कसा?

भाच्याने चर्चगेटच्या इरॉसला नेलं. ते आता आयमॅक्स झालंय, पडदा भिंतीएवढा. 1932 सालचं अमेरिकेतलं मिसिसिपी, कापसाची शेतं, आठवड्याच्या कष्टानंतर काळे मजूर जमतात तो, दोन भावांनी उभा केलेला गाण्याबजावण्याचा अड्डा. रक्तपिपासू नंतर येतात. मला धरून ठेवलं ते त्याआधीच्या गाण्याने. एक पोरगा गिटारवर ब्लूज गायला लागतो आणि त्याच्या भोवती मागच्या पिढ्यांचे आणि पुढे येणाऱ्या पिढ्यांचे वादक-नर्तक एकाच खोलीत नाचू लागतात. लालबागला आमच्या चाळीखाली गिरणीची पाळी सुटल्यावर रात्री भजनी मंडळ बसायचं. दिवसभर साच्याच्या आवाजात कान गेलेली माणसं पखवाजावर थाप पडली की कशी सरळ बसायची, ते मला त्या पडद्यावर दिसलं. रायन कूगलर यांना लालबाग माहीत असण्याचं कारण नाही, पण कापसाचं काम करणाऱ्या माणसाला रात्री गाणं का लागतं ते त्यांना माहीत आहे.

'छावा', 'सैयारा', 'धुरंधर' यांना का वगळलंत?

तिन्ही मी थिएटरात पैसे देऊन बघितले. 'छावा'चे दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर आपलेच, विकी कौशलने जीव ओतलाय, अक्षय खन्नांचा औरंगजेब तर थंडगार भीती घालतो. पण संभाजी महाराज म्हणजे 'बुधभूषण' लिहिणारा संस्कृतचा जाणकार, नऊ वर्षं चारी बाजूंनी लढत राज्य चालवणारा राजा. मला तो राजा दरबारात, खलबतखान्यात, कागदपत्रं वाचताना अधिक बघायचा होता. पडद्यावर गर्जना फार झाल्या आणि शेवटचा छळ इतका लांबला की मी मान खाली घातली. ज्यांना तो आवडला त्यांच्या डोळ्यांतलं पाणी मी शेजारच्या खुर्च्यांवर बघितलंय, त्याचा मला आदर आहे.

'सैयारा'ची गाणी चांगली, तरुण मुलं रडत बाहेर आली, पण मला त्या दोघांच्या घरातलं काही कळलं नाही. 'धुरंधर' बांधीव आहे, अंगावर येतो, आणि हिंसा मला सोसली नाही. एवढंच.

थोडक्यात हुकलेले कुठले?

ऋषिकेश गुप्ते यांचा 'जारण', त्यातल्या अमृता सुभाष आणि अनिता दाते यांच्यासाठी. आणि संतोष डावखर यांचा 'गोंधळ', ज्याला गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं. 'गोंधळ'मधली लांबच लांब न तुटणारी दृश्यं थक्क करतात, पण त्या कसबाकडे बघता बघता गोष्टीतल्या नवरीकडे माझं लक्ष कमी गेलं.

'श्यामची आई', 'आत्मपॅम्फ्लेट', 'नाळ 2' यांना 2025मध्येच राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, मग ते यादीत का नाहीत?

पुरस्कार 1 ऑगस्ट 2025ला जाहीर झाले, पण ते 2023च्या चित्रपटांसाठी होते. 'आत्मपॅम्फ्लेट' माझ्या त्या वर्षीच्या यादीत होता.

2025मध्ये थिएटरात सगळ्यात लक्षात राहिलेला क्षण कुठला?

तो नव्या पिक्चरचा नाही. 15 ऑगस्ट 2025ला 'शोले'ला पन्नास वर्षं झाली. 24 नोव्हेंबरला धर्मेंद्र गेले. आणि 12 डिसेंबरला 'शोले' नव्याने स्वच्छ केलेल्या प्रतीत, मूळ शेवटासह पुन्हा लागला. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरमुळे जो शेवट बदलावा लागला होता, तो आता पडद्यावर आला : ठाकूर स्वतः गब्बरला संपवतो.

बाबांनी 'शोले' लॅमिंग्टन रोडच्या मिनर्व्हाला सात वेळा बघितला होता. आता मिनर्व्हा नाही, बाबा नाहीत. मी, आई आणि भाचा गेलो. वीरू टाकीवर चढला तेव्हा एरवी सगळं थिएटर हसतं, तसं हसलंच. पण हसणं थांबल्यावर मागून कुणीतरी बऱ्यापैकी म्हाताऱ्या आवाजात म्हणालं, "धरमजी..." आणि सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. पडद्यावर संवाद चालू होते, कुणालाच ऐकू येत नव्हते, आणि कुणाची तक्रार नव्हती.

एवढे पिक्चर परवडतात कसे?

मंगळवारच्या सवलतीत, सकाळच्या खेळांना, आणि जिथे एकपडदा थिएटर अजून उभं आहे तिथे बघून. 22 सप्टेंबरपासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्के झाला. शंभराच्या वरच्या तिकिटावर 18 टक्केच आहे. मल्टिप्लेक्सचं तिकीट शंभराच्या आत क्वचितच मिळतं, त्यामुळे हा फायदा जुन्या थिएटरांच्या प्रेक्षकाला. पॉपकॉर्न मी घेत नाही. इंटरव्हलला बाहेर येऊन चहा घेते.

घरी बसून यातलं काय बघता येईल?

'होमबाउंड' नेटफ्लिक्सवर आहे, 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' प्राइम व्हिडिओवर. 'साबर बोंडं' मात्र कुठे मोठ्या पडद्यावर लागलेला दिसला तर तिथेच बघा. घरात कुकरच्या शिट्ट्या चालू असताना त्यातली शांतता ऐकू येत नाही.

मामी चित्रपट महोत्सवाला गेला होतात का?

मुंबईचा तो महोत्सव 2025मध्ये झालाच नाही. त्याची उणीव फार जाणवली, कारण इराणी, कोरियन चित्रपट मी तिथेच रांगेत उभी राहून बघायचे. ज्यांना तसे चित्रपट बघायची सवय लावून घ्यायचीय त्यांनी प्रभात चित्र मंडळाची चौकशी करावी. 1968पासून ते मुंबईत जगभरचे चित्रपट दाखवतायत, आणि चित्रपट संपल्यावर जी चर्चा होते ती मराठीत होते.

पुढच्या वेळी तुमच्याबरोबर येऊ का?

या की. 1 जानेवारी 2026ला 'क्रांतीज्योती विद्यालय मराठी माध्यम' लागला तेव्हा आम्ही सात जणी होतो, त्यातल्या चौघी पहिल्यांदाच आल्या होत्या. तिकिटं मी काढून ठेवते, पैसे नंतर दिलेत तरी चालतं. आदल्या रात्री नऊपर्यंत कळवा. दादरला पुलाखाली फुलवाल्यांच्या इथे भेटायचं, खेळाच्या अर्धा तास आधी. नावं पडायच्या आत आपण खुर्चीत असायला हवं. आणि आईसाठी कडेची सीट सोडायची, तिचा गुडघा दुखतो.